मार्गारिटा दर वेळी बिघडते? नवी बाटली आणण्याआधी हे तपासा

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात राहतो. सात वर्षं झाली. मार्गारिटा या लिंबू घातलेल्या कॉकटेलमधली दारू म्हणजे टकीला, आणि त्याच नावाचं गाव इथून साधारण ६० किलोमीटरवर आहे, आणि एवढ्याच भांडवलावर पुण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकांनी मला परस्पर मार्गारिटातज्ज्ञ ठरवून टाकलं आहे. शनिवारी व्हिडिओ कॉल येतो, पलीकडून कॅमेऱ्यासमोर ग्लास धरलेला असतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "अगं, पुन्हा तसंच झालं." ग्लास बघून चव कळत नाही, हे सांगून मी थकले. पण हीच भानगड इतक्या वेळा निस्तरली आहे की कुठला प्रश्न कधी विचारायचा तो क्रम आता पाठ झाला आहे. पुढच्या कॉलला हेच पाठवणार.

एक गोष्ट आधीच सांगते. मार्गारिटा बिघडली की बहुतेक जण पुढच्या वेळी जास्त महागाची बाटली आणतात. माझ्या अनुभवात दोष बाटलीचा क्वचित असतो, आणि महाग बाटलीने तर एक नवीनच बिघाड सुरू होतो. त्याबद्दल खाली येईलच.

लक्षणं

तुमचं यातलं कुठलं ते आधी ठरवा. दोन असली तरी चालतील.

– पहिला घोट छान, पाचव्या मिनिटाला पाणी.
– इतकी आंबट की दात आंबतात. किंवा उलट, लिंबाचं सरबत वाटावं इतकी गोड.
– घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळतो. जगमध्ये करून ठेवलेली असेल तर तासाभराने तो वाढतो.
– घशात जळजळ, नाकाला स्पिरिटचा वास.
– नुसती प्यायली तर उत्तम, पण जेवणासोबत एक तर ती बेचव लागते किंवा तोंडाची आग होते.

आधी फुकटातलं: मीठ

ग्लासाच्या संपूर्ण कडेला बारीक मिठाचा जाड थर लावला असेल, तर तुम्ही काय पिताय हे तुम्हाला कळतच नाही. फक्त अर्ध्या कडेला लावा, तेही बाहेरच्या बाजूने आणि जाडं मीठ. इथे शेजारच्या कोलिमा राज्यातल्या कुयुत्लानच्या मिठागरांचं मीठ वापरतात. आपल्याकडचं खडेमीठ भरडून घेतलं तरी काम तेच होतं. अर्धी कड मोकळी ठेवायची ती चव घेण्यासाठी. दोन्ही बाजूंनी एकेक घोट घेऊन बघा. मिठाच्या बाजूने बरी आणि मोकळ्या बाजूने कडू लागत असेल, तर कडवटपणा पेयातच आहे आणि मीठ तो झाकतंय.

मीठ कडूपणा दाबतं, हे खरंच उपयोगाचं आहे. २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात विरघळवून छोट्या बाटलीत ठेवा आणि प्रत्येक ग्लासाला त्याचे तीन-चार थेंब टाका. खारट लागत नाही, पण कडवटपणाची धार बोथट होते. एवढ्यानेच काम झालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

माप

भारतातल्या घरांत पेगचं माप असतं: एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ६०. मार्गारिटाचा सगळा खेळ पाच-पाच मिलीचा आहे आणि तो या मापात बसत नाही. मग "अंदाजे अर्धं स्मॉल" असं लिंबू पडतं. दर वेळी वेगळीच चव येते ती यामुळेच.

खोकल्याच्या औषधासोबत येणारं खुणांचं प्लास्टिकचं झाकण धुऊन घ्या. अडीच, पाच, दहा मिलीच्या खुणा त्यावर असतात. विनोद करत नाहीये, माझ्या मावसबहिणीकडे गेली दोन वर्षं हेच चालू आहे.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण आहे ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक म्हणजे संत्र्याच्या सालीचं लिक्युअर, आणि १५ मिली लिंबूरस. हे कोरडं, कडक पेय होतं. मी लिंबूरस २० घेते आणि ५ मिली आगावेचं (ज्या घायपातासारख्या झाडापासून टकीला होते, त्याचं) पातळ केलेलं सिरप घालते. एकूण ९५ मिली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या तपासणीत लागणार आहे.

बर्फ: बहुतेक गुन्हेगार इथेच सापडतो

बर्फ फक्त थंड करतो असं आपण धरून चालतो. खरं तर मार्गारिटातला तो चौथा घटक आहे. ढवळताना तो वितळून पेयात पाणी घालतो आणि ते पाणी हवंच असतं, नाही तर घसा जळतो. प्रश्न फक्त किती घालतो याचा आहे.

तपासायला काही खर्च नाही. वरची ९५ मिली शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात घाला, बर्फाने भरा, बारा सेकंद हलवा आणि गाळून मोजायच्या भांड्यात ओता. ११५ ते १३० मिलीच्या आसपास भरलं तर तुमचा बर्फ चांगला आहे. १४५-१५० भरलं तर तुम्ही मार्गारिटा करत नाही, तिला आंघोळ घालताय. आणि १०५ वर थांबलं तर नीट हलवलेलंच नाही, जळजळ त्यातूनच येते.

जास्त पाणी का होतं? कारण बर्फ ओला असतो. पार्टीच्या दोन तास आधी बर्फ काढून बादलीत ठेवला जातो, तो घामेजतो, आणि प्रत्येक खड्याच्या अंगावरचं पाणी आयतंच शेकरमध्ये जातं. कोरडा बर्फ बोटाला चिकटतो, ओला निसटतो. एवढी साधी चाचणी आहे. लागेल तेव्हा लागेल तेवढाच बर्फ फ्रीजरमधून काढायचा. पाहुण्यांसमोर बादली मिरवायची असेल तर खुशाल मिरवा, पण शेकरमधला बर्फ वेगळा ठेवा.

खडे मोठे असावेत. फ्रीजच्या दारातून पडणारे पातळ चंद्रकोरी तुकडे किंवा कुटलेला बर्फ पटकन विरघळतो. आणि शेकरमधला फुटका बर्फ ग्लासात ओतू नका. गाळून ताज्या, कोरड्या खड्यांवर ओता. पाचव्या मिनिटाला पाणी होण्याची तक्रार निम्म्या वेळा इथेच मिटते.

वासाचंही बघा. बर्फाचा ट्रे उघडा असेल आणि खालच्या कप्प्यात सुके बोंबील असतील, तर जगातली कुठलीही टकीला तुम्हाला वाचवू शकत नाही. एक खडा नुसता चोखून बघा.

हे सगळं करूनही बर्फ ओलाच राहत असेल तर फ्रीजरचं तापमान बघा. उणे १८ अंश सेल्सियसच्या जवळ हवं. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलं. इथवर तुमचं काम. त्यापुढे फ्रीजवाल्या मेकॅनिकला बोलावा, मागची जाळी-बिळी स्वतः उघडू नका. एका मैत्रिणीची "बिघडलेली मार्गारिटा" शेवटी मेकॅनिकने रबर बदलून दुरुस्त केली आहे.

लिंबू

आपल्या बाजूने नशीब जोरावर आहे ते इथे. मेक्सिकोतलं जे पातळ सालीचं, बियांचं छोटं लिंबू, ज्याला इथे लिमोन कोलिमा म्हणतात, ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं. मूळचं आशियातलं, स्पॅनिश लोकांबरोबर इकडे आलं. म्हणजे पुण्याच्या मंडईत मिळतं तेच खरं मार्गारिटाचं लिंबू. उलट अमेरिकेत राहणाऱ्यांनी जपून. तिथल्या दुकानातली मोठी, बिनबियांची हिरवी लिंबं पर्शियन जातीची, त्यांचा वास आणि आंबटपणा वेगळा. तिथे 'की लाइम' नावाने मिळतं ते आपलं.

कडवटपणाची तीन कारणं मी पाहिली आहेत.

पहिलं, रस सकाळी काढून ठेवलेला. लिंबाच्या रसात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य रस काढल्यानंतर हळूहळू तयार होतं. म्हणून ताज्या रसाची चव उत्तम आणि दुसऱ्या दिवशीची कडू. त्याच संध्याकाळचा रस वापरा.

दुसरं, लिंबाचा जीव जाईपर्यंत पिळणं. सालीखालच्या पांढऱ्या भागातला कडवटपणा शेवटच्या चार थेंबांबरोबर उतरतो. ते चार थेंब सोडून द्या, एक लिंबू जास्त लागलं तर लागू दे. काटकसरीच्या संस्कारात हे जड जातं, माहीत आहे.

तिसरं, बाटलीतला तयार रस किंवा कॉर्डियल. यावर काही बोलत नाही.

आंबटपणाबाबत मात्र पुस्तकावर विसंबू नका. उन्हाळ्यातलं लिंबू आणि पावसाळ्यातलं लिंबू सारखं नसतं. आधी १५ मिलीने सुरुवात करा, चाखा, मग पाच मिली वाढवा. घातलेलं काढता येत नाही.

गोडी आणि संत्रं

इथून खिशाला चाट बसायला लागते. स्वस्त ट्रिपल सेक म्हणजे बऱ्याचदा साखरेच्या पाकात संत्र्याचा अर्क. त्यात अल्कोहोल १५-२० टक्के असतं, तर क्वांत्रो या महागातल्या ट्रिपल सेकमध्ये ४०. दोन्ही २० मिली घातले तर पेय एकसारखं कसं होईल? एकीकडे सरबत, दुसरीकडे कॉकटेल. स्वस्तातलंच हाताशी असेल तर १० मिली घाला, टकीला ५ मिली वाढवा आणि संत्र्याच्या सालीचा एक तुकडा ग्लासावर पिळून त्याचं तेल वर पडू द्या. बरंच निभावतं.

किंवा लिक्युअर टाळूनच टाका. सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॉमीज या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये हुलियो बेर्मेहो यांनी तेच केलं. संत्र्याऐवजी आगावेचं सिरप, बाकी फक्त टकीला आणि लिंबू. टॉमीज मार्गारिटा म्हणून ती आता जगभर चालते. टकीला चांगली असेल तर माझं मत याच बाजूने आहे.

आगावेच्या सिरपचा एक दोष आहे. ते घट्ट असतं आणि थंडीत तळाशी जाऊन बसतं. वर आंबट, शेवटचा घोट गोड मिट्ट, असं होत असेल तर कारण हेच. समान कोमट पाण्यात पातळ करून ठेवा. शिवाय त्यात मुख्यतः फ्रुक्टोज असतं, जे साखरेपेक्षा गोड लागतं आणि थंड पेयात तर आणखीच. साखरेच्या पाकाच्या मापाने घातलं की सरबत झालंच समजा.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. काचेची बरणी नको, बर्फ आदळून तडकते.

आता बाटली

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच बाटलीकडे वळा.

लेबलवर "१०० टक्के आगावे" छापलेलं आहे का बघा. नसेल तर ती मिश्र टकीला. नियमाप्रमाणे तिच्यात निदान ५१ टक्के साखर निळ्या आगावेची असावी लागते, उरलेली उसाची किंवा आणखी कशाची असू शकते. घशातली जळजळ आणि दुसऱ्या दिवशीचं डोकं याचा सगळा दोष मी तिच्यावर ढकलणार नाही, पण वासातला फरक कोणालाही कळतो. भाजलेल्या रताळ्यासारखा, जरासा मिरीसारखा वास हवा. नुसता स्पिरिटचा आला तर ती शॉटसाठी ठेवा.

लेबलवर नॉम आणि पुढे चार अंक असतात. ती गाळणी-कारखान्याची ओळख. तो क्रमांकच नसेल तर बाटली उघडूच नका. टकीला हे नाव १९७४ पासून संरक्षित आहे. हालिस्को राज्य आणि ग्वानाहुआतो, मिचोआकान, नायारित, तामाउलिपास या चार राज्यांतल्या ठरावीक भागांबाहेर ते वापरता येत नाही. म्हणून आपल्या दख्खनच्या घायपातापासून जी दारू आता भारतात गाळली जाते, तिला टकीला म्हणत नाहीत. घायपात म्हणजे आगावेच. शेताच्या बांधावर आणि रेल्वेरुळाच्या कडेला आपण ज्याला काटेरी कुंपण समजून सोडून दिलं, त्याचा भाऊबंद इथे सात-आठ वर्षं मुलासारखा वाढवतात. पहिल्यांदा टकीला गावाच्या रस्त्याला लागले तेव्हा मला वाटलं होतं, अरे, हे तर बार्शीच्या रस्त्यावर आहे!

आता तो महाग बाटलीचा बिघाड. मावसबहिणीने ड्यूटी-फ्रीमधून भरपूर पैसे मोजून आन्येहो, म्हणजे लाकडाच्या पिंपात मुरवलेली टकीला आणली आणि मार्गारिटा पूर्वीपेक्षा कडू झाली. कारण सरळ आहे. ब्लांको म्हणजे बहुधा न मुरवलेली. रेपोसादो निदान दोन महिने ओकच्या लाकडात. आन्येहो निदान एक वर्ष, एक्स्ट्रा आन्येहो तीन. जितकं लाकूड जास्त, तितका तुरटपणा जास्त, आणि लिंबाच्या आंबटाला तो तुरटपणा टोचतो. ज्या व्हॅनिला-कारमेलसाठी पैसे दिले ते लिंबाखाली गाडलं जातं आणि तुरटपणा तेवढा उरतो. मार्गारिटाला ब्लांको. थोडी भरीव, हॉटेलच्या तोडीची हवी असेल तर रेपोसादो. आन्येहो छोट्या ग्लासात नुसती, जेवणानंतर.

जेवणासोबतच का बिघडते

आमच्या घरची ही शेवटची आणि सगळ्यात मजेची तक्रार. पेय नीट झालेलं, चखण्याला झणझणीत तर्रीची मिसळ, आणि दहा मिनिटांत सगळे पंख्याखाली. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या उष्णतेच्या संवेदकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोलही चेतवतं. तिखटावर कडक पेय म्हणजे आगीत तेल. बर्फाचा गारवा क्षणभर फसवतो, इतकंच.

इथले लोक तिखट खाऊन टकीला पितात ना? पितात, पण काय करतात ते नीट बघा. ग्वादालाहाराची तोर्ता आओगादा म्हणजे कडक सालीच्या पावात डुकराचं मांस भरून सॉसमध्ये बुडवलेलं सँडविच. झोंबणारा चिले दे आर्बोलचा सॉस वेगळा असतो, हवा तेवढाच घ्यायचा. आत मांसाची चरबी, वर लिंबू पिळलेला कांदा. चरबी तिखटाला आवरते, आंबट चरबीला कापतं. आणि सोबत बहुतेक वेळा मार्गारिटा नसतेच. बिअर असते किंवा पालोमा: टकीला, ग्रेपफ्रूटचा सोडा, लिंबू, मीठ. मार्गारिटा इथेही पाहुण्यांचं पेय आहे.

दुसरा नियम आंबटाचा. पेय जेवणापेक्षा जास्त आंबट असेल तर ते आणखी आंबट लागतं आणि जेवण मिळमिळीत. म्हणून सिनालोआकडचं आगुआचिले, म्हणजे लिंबू-मिरचीत मुरवलेली कच्ची कोळंबी, मार्गारिटाशेजारी शोभतं: दोघं तोडीस तोड आंबट. मात्र सोलकढी आणि मार्गारिटा एकत्र ठेवू नका. दोन आंबटं भांडतात आणि नारळाचं दूध मध्ये मार खातं.

घरी मी काय ठेवते: रवा लावून तळलेला बांगडा किंवा कोळंबी, वर लिंबू. कोथिंबीर वडी, पण आत मिरची निम्मी. लसूण आणि सुक्या लाल मिरचीबरोबर तेलात परतलेले खारे शेंगदाणे, हे तर इथल्या बारमध्ये असतातच. तळलेलं, खारट, थोडं आंबट. रेपोसादोची मार्गारिटा असेल तर सुकं मटण चालतं, तिखट आवरून. पाहुण्यांना तिखटच हवं असेल तर टेबलावर दह्याची कोशिंबीर ठेवा. आग शमवायचं काम दही करतं, पाणी किंवा दुसरा ग्लास नाही.

आणि वीसच्या वर पाहुणे असतील तर मार्गारिटा करूच नका. पालोमा करा, ग्लासातच होते. जमत नसेल तर त्या संध्याकाळपुरता बारटेंडर बोलवा. वीस ग्लास एका शेकरने हलवण्यापेक्षा ते परवडतं.

इथे थांबा

सगळं तपासून झालं तरी चव पटत नसेल तर एखाद्या चांगल्या बारमध्ये जाऊन एक मार्गारिटा मागवा आणि बारटेंडरला बघत बसा. कदाचित तुम्हाला मार्गारिटा आवडतच नाही. असं एका काकांचं निघालं. ते आता रमवर परत गेले आहेत आणि सुखी आहेत.

रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर पालोमाच्या आधी डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूट काही औषधांचं प्रमाण शरीरात वाढवतं.

बाटली सील तुटलेली, झाकण ढिलं, किंवा किमतीच्या मानाने फारच स्वस्त असेल तर चव घेऊन बघायची नाही, ओतून टाकायची. भेसळीतलं मेथॅनॉल जिभेला ओळखता येत नाही. प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी जरी नजर धूसर झाली, पोटात खूप दुखलं, श्वास जड झाला, तर हँगओव्हर म्हणून झोपायचं नाही. थेट मोठ्या रुग्णालयात जायचं आणि काय प्यायलो ते लपवायचं नाही. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

आणि दुपारची पार्टी गच्चीवर असेल तर लिंबं घरात पिळा. लिंबाचा रस लागलेल्या हातावर कडक ऊन पडलं की एक-दोन दिवसांत लाल चट्टे, कधी फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. आले तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, हळद लावत बसू नका. नाही तर सोपं आहे: पिळून झालं की साबणाने हात धुवायचे, कोपरापर्यंत, आणि मगच बाहेर जायचं.